न्यायचं की पोचवायचं

डोंबिवलीत आमच्या महिला मंडळाची खोली देवळाच्या मागच्या अंगाला होती. वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि एका भिंतीशी ओळीने उभी करून ठेवलेली पोळपाट-लाटणी. दर गुरुवारी दुपारी तिथे उडदाचे पापड लाटले जात. तसे दारावरच्या पाटीवर लिहिलेलेच होते. पाटीवर न लिहिलेले आणखी एक काम तिथे चाले. नवरा दारू पिऊन येतो, सासू-सून एकमेकींशी बोलत नाहीत, मुलगी माहेरी आली ती परत गेलीच नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन कल्याणच्या, ठाण्याच्या बायका आमच्याकडे येत. आम्ही दोन्ही घरी जाऊन बोलायचो आणि जुळवता आले तर जुळवायचो. आज अशा कामाला सल्ला केंद्र म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हते. "मंडळात जाऊन ये" एवढेच बायका एकमेकींना सांगत.

मी तेव्हा नुकतीच बी. ए. होऊन तिथल्या मुलींच्या शाळेत लागले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. वडील शहापूरला शिवणकाम करत. शाळेतले एक मास्तर रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत आणि मुलीला पुढे शिकवा म्हणून मागे लागत. शेवटी मास्तरांची चिकाटी जिंकली आणि मी मुंबईला मावशीकडे राहून शिकले. त्यामुळे हे शिक्षण आपले एकटीचे नाही, ते कुणाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे, असे मला मनापासून वाटे. त्याच ओढीने मी मंडळात गेले.

मंडळाच्या अध्यक्ष एक पोक्त बाई होत्या. सगळ्याजणी त्यांना काकू म्हणत. मी पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि मला काय काम देता, असे विचारले.

"बी. ए. झालीस ना?" काकू म्हणाल्या.

"हो."

"मग वही ठेव आणि पोळपाट घे."

काकूंचा नियमच होता. मंडळात रिकाम्या हाताने कुणी बोलायचे नाही. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या बाईलाही आधी पोळपाट मिळे. लाटीवर नजर असली की समोरच्याचे तोंड बघावे लागत नाही आणि रडू आले तरी लाटणे थांबत नाही. मी कॉलेजात समाजशास्त्राची पुस्तके वाचली होती, त्यांत हे नव्हते, पण मला ते लगेच पटले. कारण माझ्याही आयुष्यातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी आईने मला धान्य निवडतानाच सांगितल्या होत्या.

काकूंचा दुसरा नियम असा, की दुसऱ्या बाजूच्या घरी पहिल्यांदा जाऊ तेव्हा विषय काढायचा नाही. जे खायला-प्यायला देतील ते घ्यायचे, घर बघायचे आणि परत यायचे.

होळी होऊन गेली होती. अशाच एका गुरुवारी एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. लेक वीस-एकवीस वर्षांची, कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. तिने बाळाला एका बाईच्या मांडीवर दिले, हात धुतले आणि कुणी सांगायच्या आत पोळपाट ओढून घेतला. बोलायला सुरुवात केली ती आईने.

"टाकली हो माझ्या लेकीला. मुलगी झाली म्हणून टाकली. बारशाला आले, घुगऱ्या खाल्ल्या, कुंची घातली, आन् गेले ते गेलेच. पाचव्या महिन्यात मूळ यायला पायजे. सहावा सरला. कोण फिरकंना."

मूळ म्हणजे मुलीला न्यायला येणारे माणूस. हे घराणे साताऱ्याकडचे, राहायला डोंबिवलीतच. पहिल्या बाळंतपणानंतर सासरचे कुणीतरी बाळाला टोपडे आणि मुलीला लुगडे घेऊन येणार, मग मुलगी जाणार. बोलावल्याशिवाय मुलगी पाठवायची म्हणजे तिची किंमत आपणच घालवायची, अशी त्यांच्याकडची समजूत. सासरचे लोक मूळचे चिपळूणच्या बाजूचे, आता कल्याणात राहणारे. जावई मोहन्याच्या कारखान्यात होता. घरात तो आणि त्याची विधवा आई, दोघेच.

काकूंनी मुलीला विचारले, "तुला काय हवंय?"

"मला घरी जायचंय."

"मग ह्ये काय घर न्हाई व्हय?" आई म्हणाली.

"आहे. पण मला घरी जायचंय," लाटीवरची नजर न काढता मुलगी म्हणाली.

"नवरा येतो का गं भेटायला?"

"येतात की. कारखान्याला सुट्टी असली की येतात. बाळाला घेऊन बसतात, चहा पितात, जातात. एकदा दादानं विचारलं, जावईबापू, भेटायला आलात का न्यायला? तर म्हणाले, भेटायला."

"ऐका!" आई म्हणाली. "तोंडावर सांगितलं!"

दादा म्हणजे मुलीचा थोरला भाऊ. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका कचेरीत कारकून होता. घर त्याच्याच पगारावर चाले. माणूस वाईट नव्हता. बहिणीचा अपमान त्याला सहन होत नव्हता, एवढेच. त्याने ओळखीच्या वकिलाकडून पोटगीची नोटीस तयार करून घेतली होती. तिच्यावर बहिणीची सही तेवढी व्हायची होती.

"मग केलीस का सही?" काकूंनी विचारले.

"दादा कागद घेऊन येतो तेव्हा माझे हात नेमके पिठात असतात."

काकू खळखळून हसल्या. "मग रोज येत जा बाई पापडांना!" मग त्या आईकडे वळल्या. "एकदा का नोटीस गेली की दोन्ही घरांत वकील शिरणार, आणि मग आमच्यासारख्या बायकांना कुणी दारात उभं करणार नाही. मुलाला सांगा, पाडव्यापर्यंत थांब."

भाऊ थांबला. पण पाडव्यानंतर एक दिवसही नाही, असा त्याचा निरोप आला.

काकू आणि मी पापडांचा डबा घेऊन कल्याणला गेलो. चाळीतली एकच खोली, पण चुलीपासून खिडकीपर्यंत लखलखीत. सासूबाई उंच, शिडशिडीत होत्या. आम्ही कोण, कुठून आलो, हे त्यांनी ओळखले होतेच. तरी त्यांनीही विषय काढला नाही. कोकम सरबत दिले. उडीद यंदा कुठे चांगले मिळाले, पापडखार किती घालता, यावर त्या आणि काकू तासभर बोलल्या. मी नियमाप्रमाणे घर बघत होते.

खोलीच्या मधोमध आढ्याला पाळणा टांगलेला होता. त्यावर धूळ बसू नये म्हणून धुतलेले धोतर झाकले होते. दोरीवर नवी दुपटी वाळत होती. जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली, कडेला बारीक धावदोरा. शिंप्याची मुलगी असल्यामुळे मला कळले, की हे काम घाईत उरकलेले नाही. या टाक्यांना कित्येक दुपारी लागल्या असतील.

आम्ही निघताना मुलगा सायकल हातात धरून दारात आला. त्याने आम्हाला नमस्कार केला, आईकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाळ..." मग तो थांबला. "पापड बरे दिसतायत," असे म्हणून आत गेला.

परत येताना मी काकूंना म्हटले, "ज्यांना मुलगी नकोय ते दुपटी शिवतील का?"

"नाही शिवणार," काकू म्हणाल्या. "पण शिवून मग गप्प का बसलेत, ते कळायला हवं. दोन दिवस जाऊ देत."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सासूबाईंनीच सुरुवात केली. कदाचित त्या वाटच पाहत होत्या.

"तुम्ही तिकडे जाता-येता ना? मग विचारा गो त्यांना, पोरीला पोचवायला एवढा कसला त्रास होतो? डोंबिवली काय लांब आहे?"

"पोचवायला?" मी म्हटले. माझ्या थोरल्या बहिणीला न्यायला तिचा दीर आला होता, ते मला आठवले. त्या दिवशी वडिलांनी दुकान बंद ठेवले होते. "पण न्यायला तुम्ही जायचं ना?"

"आम्ही?" सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाळंतीण काय ओढून आणायची असते? तिसरा महिना सरला की तिची आई तिला नि बाळाला घेऊन येते. उंबऱ्यावर विहिणीचे पाय धुवायचे, बाळावरून भाकरतुकडा ओवाळायचा, मग आत घ्यायचं. मला माझ्या आईने अशीच पोचवली. मी तिच्या भाकरीसाठी रोज बाजरीचं पीठ दळून ठेवत्ये. रोज! पोर झाली म्हणून त्यांना आणायची लाज वाटते की काय? आम्हाला नाही हो वाटत."

मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. काकूंनी त्याला विचारले, "मग मेव्हण्याने विचारलं तेव्हा भेटायला आलो असं का म्हणालास रे?"

"न्यायला आलो म्हणालो असतो तर त्यांना वाटलं असतं, यांना दम नाही," तो म्हणाला. "त्यांनी थाटात पोचवायचं, तो त्यांचा मान. मी कसा काढून घेऊ?"

काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी काकूंकडे पाहिले. लग्न जमवले होते कारखान्यातल्या एका स्नेह्याने. जात एक, पत्रिका जुळलेली, मुलगा नोकरीला. याहून जास्त कुणी विचारले नव्हते. गावाकडे असते तर चार म्हाताऱ्या बायकांनी बारशाच्या पंगतीतच सगळे बोलून ठेवले असते. इथे त्या म्हाताऱ्या बायका नव्हत्या, त्या गावी राहिल्या होत्या. दोन्ही घरे आपापल्या दाराकडे डोळे लावून बसली होती.

मला इतका आनंद झाला, की संध्याकाळीच मी डोंबिवलीला मुलीच्या घरी गेले आणि सगळे सांगून टाकले. मला वाटले, आता हे हसतील आणि उद्या सकाळी मुलीला घेऊन निघतील. मुलगी हसली. अगदी तोंडावर पदर घेऊन हसली. बाकी कुणी हसले नाही.

"असं व्हय," आई म्हणाली. "मग आता कळलं न्हवं त्यांना आमची रीत? यावं की."

"बाई, तुमचं म्हणणं खरं असेल," भाऊ म्हणाला. "पण आता आम्ही होऊन पोचवली, तर सगळी आळी म्हणणार, भावाला बहीण जड झाली. ते काही व्हायचं नाही."

कल्याणला नोटिशीची कुणकुण लागली होती, तिथला निरोपही तसाच होता. आता न्यायला गेलो तर नोटिशीला घाबरून गेलो असे होईल, आधी त्यांनी आणावी. गैरसमज संपला होता आणि मुलगी होती तिथेच होती. पाडवा पुढच्या आठवड्यावर आला होता.

गुरुवारी मुलगी पुन्हा आईबरोबर आली. काकूंनाही काही सुचत नव्हते, हे त्यांच्या जाड पापडांवरून दिसत होते. मुलगी लाटता लाटता म्हणाली,

"आई, इथं मला कोण घेऊन येतं गं?"

"मीच की. आजून कोण?"

"म्हणजे तू मला इथं पोचवतेस."

"व्हय. मग?"

"मग त्या मला इथं न्यायला आल्या तर?"

काकूंचे लाटणे थांबले.

"हितं?" आई म्हणाली. "ह्ये काय तुझं सासर हाय?"

"माहेर पण नाही," मुलगी म्हणाली आणि पापड उचलून उन्हात टाकायला बाहेर गेली.

मग त्या आईनेच हळूच विचारले, "त्या लुगडं आणतील का पर?"

मी त्याच दिवशी मंडळातून परस्पर कल्याण गाठले. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. बाजरीच्या पिठाच्या डब्याकडे एकदा बघितले.

"आमच्यात न्यायला जात नाहीत," त्या म्हणाल्या. "पण मंडळात पापड बघायला जायला काय हरकत आहे?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्याजणी खास जमलो. खोली सारवली, दारात रांगोळी काढली. आधी मुलगी आली. आई, बाळ आणि मागून डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल. भाऊही आला होता, पण बायकांच्या खोलीत कसे यायचे म्हणून समोरच्या चिंचेखाली उभा राहिला. थोड्या वेळाने कल्याणची मंडळी आली. मुलगाही त्याच कारणाने आत आला नाही. तोही चिंचेखाली गेला. दोघे मेव्हणे दोन दिशांना तोंड करून उभे राहिलेले आम्हाला खिडकीतून दिसत होते. मग एकाने तंबाखूची डबी काढली आणि दुसऱ्याने हात पुढे केला.

खोलीत मात्र गाडे अडले. सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या, विहीणबाई आत उभ्या. मंडळाच्या खोलीत कुणी कुणाचे पाय धुवायचे, हे कुणीच ठरवले नव्हते.

"पाणी आणा," काकू म्हणाल्या. त्यांनी दोघींना उंबऱ्यावर बोलावले आणि स्वतःच दोघींच्या पायांवर पाणी घातले. "मंडळाच्या तुम्ही दोघीही विहिणीच!"

सासूबाईंनी पिशवीतून लुगडे आणि टोपडे काढले. "आमच्यात ही पद्धत नाही," त्या सुनेला म्हणाल्या. "पण तुझ्या आईला बरं वाटेल. घे." मग त्यांनी कपाळाला हात लावला. "अगो बाई! भाकरी राहिली घरीच. ओवाळू काय आता?"

मुलीने वाकून परातीतली पापडाची एक लाटी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी ती बाळावरून उतरवली, मुलीवरून उतरवली आणि बाहेर टाकायला वळल्या. तोवर बाळाने ती पकडून तोंडाकडे नेली होती. सगळ्याजणी हसल्या. बाळाच्या मुठीतून लाटी सोडवताना दोन्ही आज्यांचे हात पहिल्यांदा एकमेकींना लागले.

नियमाप्रमाणे दोघींना पोळपाट दिले. नुसते निमित्तापुरते. पण बोलणे निघाले ते थांबेचना. पहिली संक्रांत तुमच्याकडे कशी करतात? अधिक महिन्यात जावयाला काय देतात? जावळ कुणी काढायचं? प्रत्येक गोष्टीत दोघींची रीत वेगळी निघाली आणि प्रत्येक वेळी एकजण म्हणे, "अय्या, म्हणून तुम्ही तेव्हा तसं केलंत होय!" परातीतले पीठ संपत आले. मुलगी नवे लुगडे नेसून, बाळाला खांद्यावर टाकून दारात उभी होती.

"तुमचं ठरलं की या मागून," ती शेवटी म्हणाली. "मी निघते. गाडी चुकेल."

आणि ती खरेच पायऱ्या उतरली. चिंचेखालून नवऱ्याने ते पाहिले आणि तंबाखू थुंकून पळत पुढे आला. भावाने ट्रंक उचलली. स्टेशनपर्यंत तोच घेऊन गेला.

त्यानंतर मी मंडळात पुष्कळ वर्षे काम केले. सगळीच गाऱ्हाणी अशी सुटली नाहीत. काही घरांतून आम्ही मान खाली घालून परत आलो. पण माहेरी राहिलेली मुलगी आली, की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "तुमच्याकडे न्यायला येतात की पोचवतात?" आणि मुलगी मंडळातून सासरी निघाली, की तिच्यावरून पापडाची लाटी ओवाळायची, ही आमच्यात रीतच पडून गेली. शहापूरला वडिलांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मशीन थांबवून विचारले, "मास्तरांना सांगितलंस का?" मी सुट्टीत मुद्दाम जाऊन मास्तरांनाही सांगितली.

त्याच मुलीला पुढे मुलगा झाला. याही खेपेला बाळंतपण माहेरीच. आम्हाला वाटले, आता काळजी नाही. एका गुरुवारी आम्ही पीठ मळत होतो, तेवढ्यात तिच्या कल्याणच्या सासूबाई घाम पुसत दारात आल्या. हातात लुगड्याची पिशवी.

"न्यायला आले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, या वेळी त्यांच्या रीतीने करू या. तर घराला कुलूप! शेजारीण म्हणते, सगळी मंडळी सकाळीच गेली. आईच पोचवायला गेली कल्याणला. आमच्या रीतीने!" त्या मटकन खाली बसल्या. "आता ती तिकडे दारात, मी इकडे."

"सुनेकडे किल्ली आहे का?" काकूंनी विचारले.

"आहे की. तिचंच घर."

"मग झालं," असे म्हणून काकूंनी त्यांच्यापुढे पोळपाट सरकवला.